तीस उड्या, सात किलोमीटर: ग्रँड नॅशनलची गोष्ट

२६ फेब्रुवारी १८३९. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराबाहेर, एन्ट्री गावाजवळच्या एका ओढ्यात कॅप्टन मार्टिन बेचर नावाचा घोडेस्वार अंग चोरून बसला होता. त्याचा घोडा कॉनरॅड कुंपणापाशी चुकला आणि बेचर पलीकडच्या पाण्यात जाऊन पडला. मागचे घोडे डोक्यावरून उड्या मारत चालले होते. ते सगळे जाईपर्यंत तो काठाला चिकटून राहिला. बाहेर आल्यावर तो म्हणे म्हणाला, की व्हिस्की न घालता पाणी इतकं वाईट लागतं हे माहीत नव्हतं. तो खरंच असं म्हणाला की लोकांनी मागाहून रचलं, कोण जाणे. पण त्या जागेला त्याचं नाव कायमचं लागलं. जवळजवळ दोनशे वर्षं होत आली, तरी त्या अडथळ्याला 'बेचर्स ब्रुक', म्हणजे बेचरचा ओढा, असंच म्हणतात.

ही शर्यत म्हणजे ग्रँड नॅशनल. दर वर्षी एप्रिलमध्ये होणारी, जगातली सर्वांत प्रसिद्ध स्टीपलचेस. आपल्याकडे घोड्यांची शर्यत म्हटलं की मुंबईचं महालक्ष्मी किंवा पुण्याचं रेसकोर्स डोळ्यांसमोर येतं. तिथल्या शर्यती सपाट मैदानावरच्या, ज्यांना 'फ्लॅट' म्हणतात. महालक्ष्मीची इंडियन डर्बी २४०० मीटरची असते आणि अडीच मिनिटांच्या आसपास संपते. तीन-चार वर्षांचे कोवळे, वेगवान घोडे आणि सगळा खेळ पळण्याचा. ग्रँड नॅशनल तिच्या जवळपास तिप्पट लांबीची, सुमारे ६.९ किलोमीटर. वाटेत ३० उड्या. वेळ नऊ ते दहा मिनिटं. घोडा किमान सात वर्षांचा हवा आणि पाठीवर पासष्ट ते पंच्याहत्तर किलो वजन. वेगाइतकाच इथे दमाचा, उडीचा आणि डोकं शांत ठेवण्याचा कस लागतो.

'स्टीपलचेस' या शब्दातच त्याचा जन्म आहे. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात १७५२ साली कॉर्नेलियस ओ'कॅलहन आणि एडमंड ब्लेक या दोघांनी पैज लावली, की बटेव्हंट गावच्या चर्चपासून डोनरेल गावच्या चर्चपर्यंत कोण आधी पोचतो ते पाहू. अंतर साडेचार मैलांच्या आसपास. रस्ता ठरलेला नव्हता. समोर मनोरा दिसतो आहे, त्या दिशेने सुटायचं. मध्ये शेताचा बांध, दगडी गडगा, ओढा, काटेरी कुंपण जे येईल ते ओलांडायचं. पुढे अशा पैजा शिकारीच्या हौशी मंडळींत रुजल्या. आजच्या रेसकोर्सवर मुद्दाम उभारलेले अडथळे ही त्या शेतांची आठवण आहे.

एन्ट्रीला ही शर्यत आणली विल्यम लिन या माणसाने. तो सरदार नव्हता की जमीनदार नव्हता. लिव्हरपूलमध्ये त्याचं वॉटर्लू नावाचं हॉटेल होतं. त्याने लॉर्ड सेफ्टन यांच्याकडून एन्ट्रीची जमीन भाड्याने घेतली, प्रेक्षकांसाठी स्टँड बांधला आणि १८२९ मध्ये तिथे सपाट शर्यती सुरू केल्या. १८३६ मध्ये त्याने स्टीपलचेस भरवली. ती 'द ड्यूक' नावाच्या घोड्याने जिंकली, आणि त्यावर स्वार होता तोच कॅप्टन बेचर. मात्र १८३६ ते ३८ या तीन शर्यतींना ग्रँड नॅशनल म्हणायचं की नाही यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. त्या नेमक्या एन्ट्रीलाच झाल्या की शेजारच्या मॅगलला, इथपासून मतभेद आहेत. अधिकृत मोजदाद १८३९ पासून होते.

त्या वर्षी गर्दी लोटण्यामागे एक साधं कारण होतं. लिव्हरपूलला रेल्वेने मँचेस्टर आधीच जोडलेलं होतं, आणि आता बर्मिंगहॅमवरून लंडनपर्यंत रूळ पोचले होते. घोडे, मालक, जुगारी, बघे असे सगळे दूरदूरहून आले. लिव्हरपूल म्हणजे तेव्हाचं कापसाचं मोठं बंदर. पुढे १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस थांबला तेव्हा मुंबईहून निघालेल्या गाठी याच बंदरात उतरत होत्या. रेसकोर्सच्या कडेने लीड्स-लिव्हरपूल कालवा जातो. त्या कालव्यापाशी घोड्यांना काटकोनात वळावं लागतं, म्हणून तिथल्या अडथळ्याचं नाव 'कॅनॉल टर्न'.

१८३९ मध्ये १७ घोडे धावले. जेम मेसन या स्वाराने 'लॉटरी' नावाच्या घोड्यावर ती जिंकली, १४ मिनिटं ५३ सेकंदांत. बराचसा मार्ग नांगरलेल्या शेतांतून होता आणि एका ठिकाणी दगडी भिंत होती. 'डिक्टेटर' नावाचा घोडा त्या दिवशी मेला. या शर्यतीच्या कथा सांगताना बेचरची व्हिस्की सगळे सांगतात, डिक्टेटर बहुतेक जण गाळतात. मला तो गाळावासा वाटत नाही, कारण पुढचा सगळा इतिहास या दोन टोकांमधलाच आहे.

आता हँडिकॅप हा शब्द समजून घ्यायला हवा, नाहीतर ग्रँड नॅशनलमधलं निम्मं नाट्य कळतच नाही. १८४३ पासून ही हँडिकॅप शर्यत आहे, आणि १८४७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. कल्पना अशी, की सगळे घोडे सारख्या ताकदीचे नसतात. मग सर्वांत चांगल्या घोड्याच्या पाठीवर सर्वांत जास्त वजन द्यायचं, कमकुवत घोड्याच्या पाठीवर कमी, आणि वजनं अशी ठरवायची की कागदावर तरी सगळे एकाच क्षणी शेवटच्या रेषेवर पोचावेत. वजनात स्वार आणि खोगीर दोन्ही धरतात. कमी पडलं तर खोगिराखालच्या कापडात शिशाच्या पट्ट्या घालतात. लांब पल्ल्याला एक पौंड वजन म्हणजे साधारण एका घोड्याच्या लांबीचा फरक, असा ठोकताळा आहे. म्हणजे तुमचा घोडा गेल्या वर्षी जिंकला असेल तर यंदा त्याच्या पाठीवर त्या विजयाचं ओझं खरोखर लादलं जातं. १९३४ मध्ये 'गोल्डन मिलर' हा घोडा १२ स्टोन २ पौंड (एक स्टोन म्हणजे १४ पौंड), म्हणजे ७७ किलो, घेऊन जिंकला. त्याच वर्षी त्याने गोल्ड कप, म्हणजे चेल्टनहॅमची मानाची स्टीपलचेसही, जिंकली होती. एकाच वर्षी हे दोन्ही मान मिळवणारा दुसरा घोडा अजून झालेला नाही.

वजन काय करतं हे पाहायचं तर १९७३ ची शर्यत पाहावी. तिचं चित्रण आजही सहज सापडतं. मी ते कितीदा पाहिलं याची मोजदाद नाही, आणि शेवट ठाऊक असूनही प्रत्येक वेळी छातीत धडधडतं. 'क्रिस्प' हा ऑस्ट्रेलियाहून आलेला धिप्पाड घोडा होता, पाठीवर १२ स्टोन. त्याने सुरुवातीलाच आघाडी घेतली आणि एकटाच, आनंदाने बागडावं तसा, अडथळ्यांवरून तरंगत निघाला. दुसऱ्या फेरीत एके वेळी तो वीसहून अधिक लांबी पुढे होता. मागून एकच घोडा हळूहळू जवळ येत होता, 'रेड रम'. त्याच्या पाठीवर १० स्टोन ५ पौंड, क्रिस्पपेक्षा २३ पौंडांनी कमी. शेवटची उडी झाल्यावर साडेचारशे मीटरची सपाट धाव उरते आणि तिच्या मध्यावर 'एल्बो' म्हणजे कोपर नावाचं एक वळण आहे. तिथे क्रिस्पचे पाय जड पडू लागले, तो भरकटला. रेड रमने त्याला गाठलं ते शेवटच्या काही पावलांवर, आणि पाऊण लांबीने शर्यत जिंकली. दोघांनीही जुना विक्रम तब्बल १८ सेकंदांनी मोडला होता. २३ पौंड म्हणजे ठोकताळ्याने २३ लांब्या. आणि क्रिस्प हरला पाऊण लांबीने. माझ्या मते हरलेल्या घोड्याने धावलेली ही या शर्यतीतली सर्वांत थोर धाव आहे.

रेड रमकडे मात्र नुसता नशीबवान म्हणून पाहू नये. पुढच्या वर्षी त्याच्या पाठीवर १२ स्टोन आले आणि तो ते घेऊनही जिंकला. १९७५ आणि १९७६ मध्ये दुसरा आला. १९७७ मध्ये बारा वर्षांचा असताना २५ लांब्यांनी जिंकला. पाच नॅशनल, दीडशे उड्या, आणि एकदाही पडला नाही. तीनदा ही शर्यत जिंकणारा तो एकटाच. हा घोडा मुळात सपाट मैदानावरच्या लहान पल्ल्यासाठी पैदा केलेला. त्याच्या खुराच्या हाडाला आजार होता. जिंजर मॅकेन या ट्रेनरचा तबेला साउथपोर्टमध्ये, जुन्या मोटारींच्या दुकानामागे. सरावाला मोकळं गवताळ मैदान नव्हतं, म्हणून तो घोड्याला समुद्रकिनाऱ्यावर पळवायचा. वाळू आणि खारं पाणी त्या खुरांना मानवलं असं सगळे मानतात. १९९५ मध्ये रेड रम गेला तेव्हा त्याला एन्ट्रीलाच, शर्यतीच्या शेवटच्या खांबाजवळ पुरलं.

हे सगळं घडत होतं तेव्हा खुद्द रेसकोर्सचीच घरघर सुरू होती. १९४९ पासून ही जमीन टॉपहॅम कुटुंबाच्या मालकीची होती. मिराबेल टॉपहॅम या खमक्या बाईंनी पैसा उभा राहावा म्हणून तिथे मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅकही बांधला. ब्रिटिश ग्राँ प्री तिथे पाच वेळा झाली. १९६४ मध्ये त्यांनी जागा विकायचं जाहीर केलं, आणि मग कित्येक वर्षं दर वसंतात 'ही शेवटची नॅशनल' अशी चर्चा चाले. १९७३ मध्ये जागा एका बिल्डरकडे गेली. तिकिटांचे दर इतके वाढले की १९७५ मध्ये स्टँड ओस पडले. अखेर लोकवर्गणीची हाक देऊन १९८३ मध्ये जॉकी क्लबने ती विकत घेतली, आणि सीग्रॅम या कॅनेडियन मद्य कंपनीने प्रायोजकत्व घेतलं. १९९१ मध्ये जिंकलेल्या घोड्याचं नावही योगायोगाने 'सीग्रॅम' होतं. त्या अडचणीच्या दशकात सामान्य माणसाला ही शर्यत आपली वाटत राहिली, यात रेड रमचा वाटा मोठा आहे.

पण एन्ट्रीचं खरं वैशिष्ट्य म्हणजे तिथले अडथळे. मार्गावर एकूण १६ आहेत. घोडे दोन फेऱ्या मारतात. त्यांतले १४ दोनदा ओलांडावे लागतात, आणि 'द चेअर' व पाण्याचा अडथळा हे दोन फक्त पहिल्या फेरीत. असे झाले तीस. इतर रेसकोर्सवर अडथळे बर्चच्या काटक्यांचे असतात, इथे वरून स्प्रूसच्या हिरव्या फांद्या लावतात. दुरून ते बागेच्या हिरव्या कुंपणासारखे दिसतात. 'द चेअर' सर्वांत उंच, ५ फूट २ इंच, आणि अलीकडे रुंद चर. बेचर्स ब्रुकची उंची फार नाही, पण उडी मारल्यावर जिथे पाय टेकतात ती जमीन अलीकडच्यापेक्षा खाली आहे. घोड्याला हे आधी दिसत नाही. तो हवेत असतानाच जमीन हाती लागेनाशी होते, पुढचे पाय उशिरा टेकतात आणि मान खाली जाते.

या अडथळ्यांत झालेला जवळजवळ प्रत्येक बदल एखाद्या आपत्तीनंतर झालेला आहे. १९२८ मध्ये कॅनॉल टर्नच्या अलीकडे चर होता. 'ईस्टर हीरो' त्या अडथळ्यावर अडकला आणि मागच्या घोड्यांचा ढीग झाला. ४२ घोड्यांपैकी शेवटपर्यंत न पडता धावला तो एकच, 'टिपेररी टिम', ज्याचा सट्ट्यातला भाव शंभरास एक होता, म्हणजे तो जिंकेल अशी आशा जवळजवळ कोणालाच नव्हती. त्याचा स्वार विल्यम डटन वकील होता. शर्यतीआधी एका मित्राने त्याला हाक मारून म्हटलं होतं म्हणे, की बाकीचे सगळे पडले तरच तू जिंकशील. तसंच झालं. दुसरा आलेला घोडाही पडून, पुन्हा स्वार बसवून आला होता. त्यानंतर तो चर बुजवला गेला.

१९६७ चा प्रसंग आणखी विलक्षण. दुसऱ्या फेरीत बेचर्स ब्रुक सगळ्यांनी ठीक पार केला. त्याच्या पुढचा, तेविसावा अडथळा जेमतेम साडेचार फुटांचा, मार्गावरचा सर्वांत लहान. तिथे 'पॉपहॅम डाउन' नावाचा घोडा, ज्याचा स्वार पहिल्याच उडीला पडला होता, मोकळाच धावत पुढे होता. तो अडथळ्यासमोर एकदम आडवा वळला. मागचे त्याला धडकले, त्यांच्या मागचे त्यांना. काही थांबले, काही उलटे फिरले, स्वार कुंपणावरून फेकले गेले. 'फॉइनाव्हॉन' इतका मागे होता की त्याचा स्वार जॉन बकिंगहॅम याला समोरचा गोंधळ दिसायला वेळ मिळाला. त्याने बाहेरच्या बाजूने फट शोधली, घोड्याला तिथून उडवलं आणि मागे वळून न पाहता निघाला. बाकीच्यांनी पुन्हा खोगिरात बसून पाठलाग केला, तोवर उशीर झाला होता. शंभरास एक भावाचा घोडा १५ लांब्यांनी जिंकला. त्याचा मालक मैदानावर नव्हता, आणि ट्रेनर त्या दिवशी वूस्टरला दुसऱ्याच शर्यतीत स्वार होता. आता त्या छोट्या अडथळ्याला फॉइनाव्हॉनचंच नाव आहे. मला यात नुसतं नशीब दिसत नाही. मागे असूनही बकिंगहॅमने लगाम सोडला नव्हता, घोडा उडी मारायला तयार होता. बाकी सतरा-अठरा घोड्यांना तीच फट मोकळी होती.

१९५६ चा प्रसंग मात्र कुठल्याच अडथळ्याला लावता येत नाही. राजमाता एलिझाबेथ यांचा 'डेव्हन लॉक' सगळ्या उड्या पार करून जिंकल्यातच जमा होता. रेषा पन्नासेक यार्डांवर असताना तो मोकळ्या गवतावर अचानक उडी घेतल्यासारखा उचलला आणि पोटावर बसला. का, ते आजवर कोणालाच सांगता आलेलं नाही. त्याचा स्वार डिक फ्रान्सिस पुढे रहस्यकथांचा मोठा लेखक झाला. १९९३ मध्ये तर शर्यतच रद्द झाली. सुरुवातीची फीत एका स्वाराच्या गळ्यात अडकली, चुकीची सुरुवात झाल्याची खूण पुढच्यांपर्यंत पोचली नाही आणि ३९ पैकी ३० जण तसेच धावत सुटले. सात जणांनी पूर्ण शर्यत पार केली. पहिला आला 'एशा नेस', आणि त्याच्या नावापुढे विजय लागला नाही.

स्त्रियांना या शर्यतीत उतरायला १९७७ उजाडावं लागलं, शार्लट ब्रू ही पहिली. १९८२ मध्ये जेराल्डिन रीस हिने पहिल्यांदा शर्यत पूर्ण केली, तर १९८३ मध्ये जेनी पिटमन ही जिंकणाऱ्या घोड्याची पहिली स्त्री ट्रेनर ठरली. आणि १० एप्रिल २०२१ रोजी आयर्लंडच्या रेचल ब्लॅकमोर हिने 'मिनेला टाइम्स'वर ग्रँड नॅशनल जिंकली. कोविडमुळे स्टँड रिकामे होते. ज्या क्षणासाठी लाखभर लोकांनी उभं राहायला हवं होतं तो शांततेत गेला, याची मला आजही हळहळ वाटते. युरोपातल्या दुसऱ्या एका अवघड स्टीपलचेसमध्ये, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या वेल्का पार्डुबित्स्कामध्ये, लाता ब्रांडिसोव्हा हिने 'नोर्मा' या घोडीवर हेच १९३७ मध्ये करून दाखवलं होतं. म्हणजे अडचण ताकदीची नव्हती, नियमाची होती.

आता घोड्यांच्या मृत्यूंबद्दल. १९८९ मध्ये बेचर्स ब्रुकवर दोन घोडे मेले. त्यानंतर तिथला ओढा बराचसा बुजवला आणि पलीकडचा उतार सपाट केला. २०११ मध्ये दोन मेले, २०१२ मध्ये पुन्हा दोन. त्यांतला 'सिंक्रोनाइज्ड' तर त्याच वर्षीचा गोल्ड कप विजेता. तेव्हा अडथळ्यांच्या आतले कडक लाकडी खांब काढून लवचिक प्लास्टिकचा गाभा घातला गेला, जेणेकरून घोडा अंगाने घासला तरी कुंपण वाकेल. २०१३ मध्ये सुरुवातीची जागा पुढे आणली, म्हणजे पहिल्या अडथळ्यापर्यंत घोडे भन्नाट वेगाने पोचू नयेत. २०२३ मध्ये प्राणिहक्क कार्यकर्ते मार्गावर शिरले, शर्यत १४ मिनिटं उशिरा सुटली, ११८ जणांना अटक झाली, आणि पहिल्याच उडीत 'हिल सिक्स्टीन' मेला. पुढच्या वर्षी घोड्यांची कमाल संख्या ४० वरून ३४ केली, पहिला अडथळा आणखी जवळ घेतला, एकाची उंची कमी केली. २०२४ ची शर्यत त्यामुळे वेगळीच दिसली: एकही घोडा अडथळ्यावर कोसळला नाही. पण २०२५ मध्ये तेरा वर्षांचा 'सेलेब्र द'आलेन' शर्यतीच्या शेवटी कोसळला आणि काही दिवसांत मेला.

जुने शौकीन म्हणतात, हे अडथळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. ते खरं आहे, आणि मला ते बरं वाटतं. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवर बंदी आली, मग अटींसह परवानगी मिळाली, तेव्हाही प्रश्न हाच होता: परंपरा ठेवायची तर प्राण्याला काय सोसावं लागतं ते कुठे थांबवायचं? एन्ट्रीत या प्रश्नाचं उत्तर एका फटक्यात कधीच मिळालं नाही. ते एकेक चर बुजवत, एकेक उतार भरत आलं, आणि प्रत्येक वेळी आधी कोणाचा तरी जीव गेला होता. माझी तक्रार असेल तर एवढीच, की १९८९ चा बदल १९५० च्या दशकात का झाला नाही.

यंदा किंवा पुढच्या एप्रिलमध्ये ही शर्यत पाहायची असेल तर लक्षात ठेवा, ती आता लिव्हरपूलच्या घड्याळात दुपारी चारला सुटते. भारतात तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. पहिल्या फेरीत कोण पुढे आहे याकडे फार लक्ष देऊ नका. सहाव्या उडीला, बेचर्स ब्रुकवर, घोड्यांचे पुढचे पाय जमिनीला कसे टेकतात ते पाहा. त्याच्या पुढच्या लहानशा कुंपणावर मोकळा घोडा कुठे आहे ते शोधा. आणि तिसावी उडी झाल्यावर, एल्बोच्या वळणाशी, सर्वांत जास्त वजन घेतलेला घोडा अजून सरळ धावतो आहे का, ते बघा.